कालव्यातली सायकल

“ताई, सुचेताची सायकल कालव्यात सापडलीय. ती कुठंच नाही.”

फोन सुचेताच्या नवऱ्याचा, हरीशचा होता. पद्मजानं चहाचं आधण तसंच सोडलं, मास्क घेतला आणि ब्रेडा शहरातून गाडी काढली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम, पण आज डोकं चालायला तयार नव्हतं. सुचेता तिची सख्खी धाकटी बहीण.

शनिवार-रविवार सायकलवरून झीलंड प्रांतातली खेडी बघायची, ही हौस हरीशची. लॉकडाउनमध्ये बेस्ट गावातल्या घरात कोंडून दोघं कंटाळलीत, असं त्याचं म्हणणं. बांधाजवळचं एक जुनं शेतघर त्यानंच भाड्यानं घेतलं होतं. निघताना सुचेता फोनवर हळू आवाजात म्हणाली होती, “परत आले की तुझ्याकडे राहायला येते. मग सगळं सांगते.” ते ‘सगळं’ पद्मजाला रस्ताभर छळत राहिलं.

गावात धुकं होतं आणि माणूस नव्हता. हरीश कालव्याकडून सायकलवर येताना दिसला. कुंपणाच्या आत, रिकाम्या अंगणात तो उतरला, मागच्या चाकाचं कुलूप खटकन लावलं, किल्ली जॅकेटच्या खिशात टाकली आणि मगच रडू लागला. जवळ जावं की अंतर राखावं हे न कळून पद्मजा लांबच उभी राहिली.

योके नावाच्या डच पोलीसबाई आत स्वयंपाकघरात होत्या. पहाटे एका शेतकऱ्याला पाण्यात हँडल दिसलं आणि त्यानं पोलिसांना बोलावलं, असं त्यांनी सांगितलं. पाणबुडे निघाले होते. पद्मजा हरीशकडे वळली.

“काल काय झालं?”

“इथंच जेवलो, समोरासमोर बसून. मग ती म्हणाली, संचारबंदी लागायच्या आत एक चक्कर मारून येते. मला झोप लागली. सकाळी पोलिसांनीच उठवलं.”

“भांडण?”

“नाही, ताई.”

“मग ती पडली कशी?”

“बांधावर वळण आहे, त्यात धुकं. चाक घसरलं असणार.”

पद्मजानं टेबलाकडे पाहिलं. ते भिंतीला खेटून होतं आणि त्याच्या एकाच बाजूला खुर्ची मावत होती. खोलीच्या मधोमध गालिच्यावर त्याच्या चार पायांचे खोल ठसे होते. कुणीतरी ते नुकतंच सरकवलं होतं.

बाहेर दोन शिपाई सुचेताची सायकल घेऊन आले. शेवाळ निथळत होतं. त्यांनी मागचं चाक उचलून धरलं होतं, पुढचं तेवढं फिरत होतं.

पद्मजानं अगदी साध्या आवाजात विचारलं, “हरीश, हिची किल्ली कुठं असेल?”

“पाण्यात पडली असेल.”

“योके,” ती इंग्रजीत म्हणाली, “याला बाहेर जाऊ देऊ नका.”

मग ती सावकाश बोलू लागली.

“तुमच्या देशातली ही कुलपं. उघडं असलं की किल्ली त्यातच अडकून राहते, लावल्याशिवाय निघत नाही. सुचेता चालवताना पडली असती तर कुलूप उघडं आणि किल्ली त्यात असती. इथं कुलूप लागलंय, म्हणून मागचं चाक फिरत नाही. म्हणजे कुणीतरी सायकल तिथं नेली, उतरलं, कुलूप लावलं आणि मग ती पाण्यात ढकलली.”

“ढकलायच्या सायकलला कुलूप कोण लावेल?” योकेनं विचारलं.

“हाताला सवय असलेला माणूस. इथं आल्या आल्या याची पहिली सायकल चोरीला गेली. तेव्हापासून उतरला की याचा हात कुलपावर जातो. मघाशी या रिकाम्या अंगणातही गेला. हरीश, खिसा रिकामा कर.”

तो हलला नाही. योकेनं पुन्हा सांगितल्यावर टेबलावर दोन किल्ल्या आल्या. एकीला लाल लोकरीचा गोंडा होता. तो पद्मजानंच विणला होता.

“ती मला सोडून तुमच्याकडे येणार होती,” हरीश पुटपुटला. “मी फक्त ढकललं. डोकं आपटलं तिचं.”

“आणि संचारबंदीचे नऊ वाजत आले होते,” पद्मजा म्हणाली. “सायकल टाकून माणूस तेवढ्यात पायी परत येऊ शकतो. पण नऊनंतर बाईला उचलून रस्त्यानं निघाला असतास तर गस्तीच्या गाडीनं धरलं असतं. म्हणून तिला पाण्याकडे नेणं आज संध्याकाळच्या अंधारावर टाकलंस. शेतकऱ्याला मात्र सायकल पहाटेच दिसली.” ती योकेकडे वळली. “हे समोरासमोर बसून जेवले, मग टेबल भिंतीशी कुणी आणि कशाला सरकवलं? ते बाजूला घ्या. गालिचा उचला.”

खाली लाकडी झडप निघाली, जुन्या घरांत बटाट्याच्या तळघराला असते तशी. शिपायानं कडी ओढली. गार, कुबट हवा वर आली. काळोखातून काहीच ऐकू येईना. पद्मजाला वाटलं, आपण उशिरा आलो.

मग कुणीतरी खोकलं.

“ती तर मेली होती,” हरीश म्हणाला, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पद्मजा केव्हाच शिडी उतरली होती. मास्क कुठं पडला तिला कळलं नाही. रक्तानं माखलेलं, बर्फासारखं गार डोकं तिनं मांडीवर घेतलं.

“ताई,” सुचेताचे ओठ जेमतेम हलले, “मी तुझा आवाज ऐकत होते. हाक मारत होते, पण आवाजच फुटत नव्हता.”