कुणी न बसलेली खुर्ची

"अहो, बूट कशाला काढलेत? हे प्रदर्शन आहे!"

हेल्वी ओरडली खरी, पण उशीर झाला होता. दारातला उंच माणूस मोज्यांवर उभा होता आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"प्रदर्शन?" तो गोंधळला. "मला तर... घरच वाटलं."

ते ऐकून हेल्वीचा निम्मा राग तिथेच विरघळला.

हेलसिंकीबाहेर पाइनच्या रानात नव्या इमारती उठत होत्या. युद्धानंतरची वर्षं लोकांनी एकेका खोलीत दाटीवाटीनं काढलेली. नवं घर कसं असतं ते दाखवायला हा एक फ्लॅट सजवला होता. आणि काय सजवला होता! टेबलावर खालपर्यंत उतरलेला पांढरा दिवा, भिंतीवर शेंदरी लोकरीचा गुबगुबीत गालिचा, सिंकच्या वर बिनतळाचं कपाट— धुतलेल्या बश्या आत ठेवा, पाणी आपोआप खाली निथळतं. बायका त्या कपाटापाशी आल्या की हलायचं नाव घेत नसत. कुठे कोरीवकाम नाही, सोनेरी वेलबुट्टी नाही. तरी नजर हटत नव्हती.

खिडकीपाशी होती हेल्वीची खुर्ची. बर्चचं फिकट लाकूड वाफेवर वाकवून केलेले हात, जाड पट्ट्यांनी विणलेली बैठक. तिनं स्वतः आखलेली पहिलीच. रविवारी फर्निचरच्या कारखान्याचे सांडेलिनसाहेब येणार होते. लोकांना आवडली तर कारखाना ती बनवणार. नाही तर हेल्वीनं मुकाट्यानं गावी जायचं आणि आईनं शोधलेली, शाळेत विणकाम शिकवायची नोकरी धरायची.

पण आवडणार कशी? कुणी बसतच नव्हतं! लोक यायचे, हात मागे बांधून कौतुकानं बघायचे आणि निघून जायचे.

मोजेवाला मात्र रोज येऊ लागला. औलिस त्याचं नाव; शाळेत भूगोल शिकवायचा.

"आज पुन्हा? फ्लॅट पसंत पडला नाही का अजून?"

"ते कपाट... परत बघायचं होतं."

"त्यात काय एवढं बघायचं?"

"बिनतळाचं आहे ना. लगेच समजत नाही."

हेल्वीला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. "माझ्या खुर्चीत काय खोट आहे हो? तुम्हीसुद्धा बसला नाहीत!"

"बसा म्हणालात कधी?" औलिसचे कान लाल झाले. "आग्रह झाल्याशिवाय टेकायचं नाही, असं आईनं शिकवलंय. तुमच्या आईनं नाही शिकवलं?"

हेल्वीनं कपाळावर हात मारला. ती स्वतः कुणाच्या घरी पहिल्या विचारण्याला कधी कॉफी घेत नसे!

"बसा ना."

"नको, राहू दे..."

"बसा हो."

"उगाच कशाला—"

"आता बसताय की ढकलू?"

तो बसला. पाठ टेकवली, पाय पसरले. मग हळूच म्हणाला, "इथून उठायचं कशासाठी?"

रविवारी हेल्वीनं कॉफीचं आधण ठेवलं, वेलदोड्याचे पाव मांडले आणि येईल त्याला हाताला धरून बसवलं. सांडेलिनसाहेब आले, तेव्हा खुर्चीत एक आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मागे रांग लागली होती.

"आजी, जरा मला—"

"माझी कॉफी संपलेली नाही अजून," डोळे न उघडता आजीबाई म्हणाल्या.

साहेब टोपी हातात धरून उभे राहिले. शेवटी हसून म्हणाले, "उद्यापासून कारखान्यात या, बाई. लाहतीला."

आनंदानं हेल्वीला रडूच फुटलं असतं, पण तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. औलिस पाठमोरा उभा राहून कप धूत होता.

"अभिनंदन," तो कपालाच म्हणाला. "लाहती... लांब आहे."

"आहे."

नळ वाहत राहिला.

"त्या दिवशी तुम्ही बसून गेलात ना," हेल्वी एका दमात म्हणाली, "तेव्हा पट्ट्या जरा खचल्या होत्या. मी त्या पुन्हा ताणायला हव्या होत्या. नाही ताणल्या. रोज सकाळी आले की आधी तुमची तेवढी खूण बघायचे."

औलिसनं नळ बंद केला. "फ्लॅट घेण्याची माझी ऐपतच नाही, हेल्वी. मी तुमच्यासाठी यायचो." तो थांबला. "लाहतीच्या शाळांतही भूगोल असेलच ना? आलो तर... चालेल?"

हेल्वीनं त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि तो ओला हात तसाच धरून ठेवला.

"ये," ती म्हणाली.