समासातला प्रश्न

पहिलं प्रूफ

घरात दोघी बहिणी. ताई शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेली. धाकटी एका छापखान्याची प्रुफं तपासायची, घरबसल्या, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. दारावर दोघींच्या नावांची दोन ओळींची पाटी. तिचंही प्रूफ धाकटीनेच तपासलेलं. संगणकाच्या पडद्यावर तिला चुका दिसत नसत. कागद हवा, लाल पेन हवं. मेलवर आलेलं पुस्तक ती प्रिंटरमधून काढायची आणि मग वेलांट्या-उकारांच्या हात धुऊन मागे लागायची.

त्या मंगळवारी अकराला पुस्तकाऐवजी हे आलं:

महोदय, आपला खाता हॅक झाली आहे. मी आपल्या संगणकात आली आहे. आपण काय करता ते सर्व मी बघत आहे. अठ्ठेचाळीस तासात उत्तर द्या, नाहीतर आपली माहीती सगळ्याना पाठवली जाईल.

धाकटीला हसू आवरेना. तिने ते छापून घेतलं आणि लाल पेन उघडलं.

"किती मार्क चोराला?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सात चुका. सहा दुरुस्त केल्या, सातवी अडलीय." 'मी आली' हे चूकच, पण लिहिणारा बाप्या की बाई, हे कसं कळणार? शेवटी तिने समासात लिहिलं: आलो की आले? लेखकास विचारावे.

"मी आले, ती आली," ताई हात पुसत बाहेर आली. "या एका चुकीपायी लहानपणी फुटपट्टी खाल्लीयस माझ्या हातची. आणि काय गं, मजकूर वाचलास का? की नुसत्या वेलांट्याच?"

हा टोमणा जुना होता. एकदा धाकटीच्या हातून एका धडधाकट माणसाच्या निधनाची बातमी छापून गेली होती. अगदी शुद्ध. मजकूर लेखकाचा, शुद्धलेखन माझं, असं तिने तेव्हा मालकांना ठणकावलं होतं.

छापखान्यातल्या संगणकवाल्याला तिने फोन केला. तो म्हणाला, काकू, हा मेल आमच्या सासूबाईंनाही आलाय. उत्तर देऊ नका, कुठे दाबू नका, पासवर्ड बदला. तिने पासवर्ड बदलला. संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. कागद रद्दीत गेला.

दुसरं प्रूफ

पुढच्या मंगळवारी, अकरालाच:

महोदया, आपले खाते हॅक झाले आहे. मी आपल्या संगणकात आली आहे...

सहाच्या सहा दुरुस्त्या झाल्या होत्या. फक्त तिने प्रश्न विचारून सोडलेली सातवी चूक तशीच होती.

लाल खुणा कागदावर केल्या होत्या. कागद रद्दीत होता. तिने गठ्ठा उपसला. कागद तिथेच, चहाच्या डागासकट. ती ताईकडे पाहत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?" ताई म्हणाली. "मी पाठवला असता तर सातवीही सुधारली असती."

संगणकवाला म्हणाला, हल्ली चोरांकडेही चांगली यंत्रं आलीयत, काकू, योगायोग असेल. तिने हो म्हटलं. पण मग खिडकीचा पडदा ओढला, प्रिंटरची वायर काढली, फोन डब्यात बंद केला, आणि नव्या मेलचा छापलेला कागद घेऊन न्हाणीघरात कडी लावून उलट्या बादलीवर बसली. मेलमध्ये एक वाक्य नवं होतं:

आपण घरात एकटा राहाता.

ते वाचून तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे काहीच माहीत नव्हतं मेल्याला. ठोकून द्यायचं, लागला तर लागला बाण. बाहेर ताई बादली मोकळी कर म्हणून दार वाजवत होती. हातात पेन होतंच. सवयीने 'एकटा'चं 'एकट्या' झालं, 'राहाता'चं 'राहता'. मग तिने कागदाचे कपटे करून पाण्यात सोडले.

तिसरं प्रूफ

मंगळवार. ताईने दूध गॅसवर ठेवलं होतं. अकराला मेल आला. धमकी नव्हती, मुदत नव्हती. दोनच वाक्यं:

आपण घरात एकट्या राहता. मी आली आहे.

"ताई, बघ गं, चोर जवळजवळ पास झाला," ती म्हणाली.

दूध उतू गेल्याचा वास आला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिने गॅस बंद केला. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ताईच्या खोलीत प्रुफांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, खालचे पिवळे पडलेले. न्हाणीघरातल्या पेल्यात एक ब्रश.

तिने कडी काढून पाटी पाहिली.

एकच ओळ होती. तिची. खरवडल्याची खूण नव्हती, स्क्रूचं जुनं भोक नव्हतं. ओळ बरोबर मधोमध बसवलेली होती. चाळीस वर्षं ओळी जोखणारी नजर तिची. केसभरही चूक सापडेना.

तिने प्रिंटरची वायर जोडली. मेल छापला. 'एकट्या'खाली टिंबं दिली: दुरुस्ती रद्द, मूळ कायम. मग तिच्या लक्षात आलं, मूळ शब्द 'एकटा'. दुरुस्ती रद्द करूनही माणूस एकच उरत होता.

मजकूर वाचलास का?

आयुष्यात पहिल्यांदा तिने लेखकाच्या मजकुराला हात लावला. 'एकट्या' खोडलं. वर लिहिलं: दोघी. काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी.

पुढचं वाक्य तिने वाचलंच नाही.

शेवटचं प्रूफ

या वेळी मंगळवारची वाट पाहावी लागली नाही. पेनाचं टोपण लावायच्या आत मेल आला.

आपण घरात दोघी राहता. मी आली आहे.

तिने दार पुन्हा उघडून पाहिलं. दोन ओळी. दोघींची नावं, बिनचूक. ती पाटीवर कपाळ टेकून रडली.

स्वयंपाकघरात कपबशी वाजली.

"ताई?"

"थांब गं." ताईचाच आवाज. तोच किंचित घोगरा, तोच वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "चहा ओतलाय. घेऊन आली मी."