थोरलीचा रंग

प्रवाळ संवर्धन केंद्रातल्या टाक्यांवरून रंगपारखीची सकाळची फेरी चालली होती. फांदी गडद असली की निरोगी, फिकट पडली की आजारी, एवढंच त्या यंत्राला कळे. आज सगळ्याच फांद्यांना उत्तम शेरा मिळाला. पुढच्या महिन्यात त्या समुद्रात लावायच्या होत्या.

डॉ. रेवती मोंडकरचं लक्ष मात्र दोऱ्यांकडे होतं. प्रवाळाची फांदी खडकाला दोऱ्याने बांधतात. ती वाढली की दोरा तिच्या अंगात गडप होतो. इथे वर्ष उलटलं तरी गाठन्‌गाठ दिसत होती. थोरलीचीसुद्धा. मालवणपुढचा प्रवाळ-खडक मेला तेव्हा त्यावरची शेवटची जिवंत फांदी रेवतीने स्वतः आणली होती, ती ही थोरली. टाकीतल्या बाकी सगळ्या तिच्याच लेकी.

फिकटली की फांदी बाहेर, हा नियम रेवतीचाच. पण टाकून द्यायला जीव होईना, म्हणून ती त्या मागच्या टाकीत सोडायची. तिथे समुद्राचं पाणी न गाळताच येई आणि कोणी ढुंकूनही पाहत नसे. आज तिने पाहिलं. फांद्यांना पुन्हा मध्यम तपकिरी रंग चढला होता आणि एकीवरही दोरा दिसत नव्हता.

तिने इग्नेस घोन्साल्विसला बोलावून घेतलं. या फांद्यांत सोडलेलं, उष्णता सोसणारं शैवाल त्यानेच घडवलं होतं. दोन्ही टाक्या पाहून तो नेहमीसारखा थट्टा करायचं विसरला.

"रंग प्रवाळाचा नसतोच, आतल्या शैवालाचा असतो," तो म्हणाला. "शैवाल त्याचा स्वयंपाकी. उन्हावर साखर रांधतं आणि प्रवाळाला वाढतं. माझं शैवाल उन्हाळ्यात पळून जात नाही, पण रांधलेलं सगळं स्वतःच खातं गो."

"मग या फिकटल्या त्या?"

"त्यांनी त्याला हाकलून दिलं. समुद्राच्या पाण्यातून दुसरं घेतलं."

आता रेवतीला उलगडलं. फिकटणं हा या फांद्यांचा आजार नव्हता, सुटका होती. ज्यांना सुटका जमली त्यांना तिने दर वेळी वेचून बाहेर काढलं होतं आणि ज्यांना जमली नाही त्यांचीच रोपं केली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मागच्या टाकीतल्या फांद्या समुद्रात जातील, हे लगेच ठरलं. थोरलीला मात्र ते शैवाल आपणहून हाकलता येत नव्हतं. अंधारात ठेवलं तर ते उपाशी मरेल, इग्नेस म्हणाला. पण त्याच्यासोबत थोरलीही जाऊ शकते.

रेवतीने टाकीवर काळं कापड ओढलं. रोज ती कोळंबीची सूक्ष्म पिल्लं थोरलीला भरवत राहिली. थोरली फिकटली, मग पांढरीफटक पडली. रेवतीने कापड काढताच रंगपारखीने 'मृत' असा शेरा देऊन भोंगा वाजवला. तिने यंत्र बंद केलं आणि समुद्राच्या पाण्याचा नळ सोडला.

त्यानंतर ती रंग बघायला गेलीच नाही. सकाळी आली की टाकीत हात घालून गाठ चाचपायची. श्रावण सरता सरता एका सकाळी बोटांना गाठ लागेना. तिने पुन्हा चाचपलं, मग तिथेच उभी राहून रडली.