पलीकडचा फूटपाथ

श्रीयशचा फोन रोज दिवेलागणीच्या आधी यायचा. हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तो कंपनीतून सुटून खोलीवर पोचेपर्यंत तिकडे अंधार पडलेला असे आणि इकडे लोणावळ्यात, भांगरवाडीतल्या घरात, चंद्रिकाबाईंचा दुपारचा चहासुद्धा व्हायचा राहिलेला असे. त्या फोन स्पीकरवर टाकत आणि बाळरावांच्या उशीशेजारी ठेवत. घरच्या माणसांचे आवाज कानांवर पडू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्हिडिओ कॉल करून पाहिला होता, पण पडद्यावर मुलगा दिसला की बाळराव नुसते रडायचे. म्हणून मग आवाजच.

होळीनंतर बाळरावांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळी नोकरी घाटात काढलेला माणूस. चढावर गाडीला मागून रेटणारं इंजिन ते चालवायचे. निवृत्त झाल्यावर रोज वळवणच्या धरणापर्यंत चालत जाऊन येत, पाऊस असो, धुकं असो. आता त्यांना कुशीवर वळवायलाही दोघी लागत. एक चंद्रिकाबाई आणि दुसऱ्या धोंडाबाई. धोंडाबाई कामशेतजवळच्या गावाहून सकाळच्या लोकलनं यायच्या आणि संध्याकाळच्या लोकलनं परत जायच्या.

चंद्रिकाबाईंनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. आजारपण म्हणजे काय, त्यात पुढे काय होतं, याबद्दल त्यांची समजूत स्वच्छ होती. रडारड त्यांनी केली नाही. फक्त दमल्या. थकवा आता वेगळा जाणवतही नसे. हाडांसारखा तो आतच असे. श्रीयशचा फोन म्हणजे त्यांची बसायची वेळ. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून त्या ऐकत राहायच्या.

श्रीयशला सांगायची हौस होती. लहानपणी शाळेतून आला की दप्तर न काढता बोलत सुटायचा, तसाच.

“इथं फूटपाथ चालण्यासाठी नसतोच, आई. त्यावर स्कूटर लावतात, मासे साफ करतात, केस कापतात. झाडाला आरसा टांगायचा, खुर्ची मांडायची, झालं सलून. आणि प्लास्टिकची स्टुलं, आपल्या बालवाडीत असतात तेवढीशी. त्यावर मोठमोठे साहेब गुडघे छातीशी घेऊन सूप पितात. माझ्या गॅलरीतून सगळी गल्ली दिसते. पाच मजले खाली नुसती हेल्मेटंच हेल्मेटं. पौर्णिमेला दारादारांत पत्र्याचा डबा ठेवून त्यात कागदाचे कपडे जाळतात. कागदाचे बूटसुद्धा. पूर्वजांना पोचतात म्हणे.”

“बूट?” चंद्रिकाबाई डोळे न उघडता म्हणायच्या.

“हो ना. आणि गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता आहे, तो ओलांडणं म्हणजे एक विद्याच. सिग्नल कोणी बघत नाही. थांबायचं नाही, धावायचं नाही, मागं फिरायचं नाही. एका चालीनं चालत राहायचं, गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. बिचकलात की संपलं.”

तो बोलत असे आणि त्या आवाजावर बाळराव झोपी जात. फोन संपला की त्या त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून “अहो” म्हणायच्या आणि ते डोळे उघडायचे.

श्रावण सरत आला तेव्हाची गोष्ट. सकाळी अंग पुसताना धोंडाबाई थबकल्या.

“बाई, मसाला भाजलाय का काय?”

“नाही. का?”

“दादांच्या अंगाला वास येतोय.”

चंद्रिकाबाई वाकल्या. केसांना वास होता. चक्रफूल, दालचिनी, जाळावर भाजलेलं आलं. शेजाऱ्यांकडे काही शिजत असेल, खिडकीतून आला असेल, असं त्या म्हणाल्या. खिडकी धुक्यामुळे बंदच होती, हे दोघींनाही दिसत होतं.

मग दोन-तीन दिवसांनी धोंडाबाईंनी खोलीतून हाक मारली. “बाई, हितं या जरा. दादांचं पाय बघा.”

बाळरावांचे तळवे काळे होते. धूळ नव्हे, रस्त्याचा काळेपणा. तेलकट, भेगांत शिरलेला. डाव्या टाचेला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचं कातडं सोललेलं होतं, फरपटल्यासारखं.

“चादरीचा रंग गेला असेल,” चंद्रिकाबाई म्हणाल्या.

“चादर पांढरी हाय, बाई.”

त्यांनी गरम पाणी आणलं. साबण लावून तळवे घासले. पाणी काळं झालं. दुसऱ्या दिवशी तळवे पुन्हा तसेच होते.

त्याच आठवड्यात श्रीयश म्हणाला, “आई, गल्लीत एक नवीन म्हातारा यायला लागलाय. रोज याच वेळेला. कुठून येतो कोणाला माहीत नाही. बोलत नाही. चहावाली त्याला फुकट चहा देते. एक पाय ओढत चालतो आणि अनवाणी, या असल्या रस्त्यावर! मजा म्हणजे इथं इतकं उकडतंय आणि याच्या अंगात चक्क स्वेटर. तपकिरी.”

चंद्रिकाबाईंनी डोळे उघडले. खाटेवर बाळराव झोपले होते. लोणावळ्याचा गारठा त्यांना बाधू नये म्हणून घातलेला तपकिरी स्वेटर छातीवर संथ वरखाली होत होता.

“तोंड कसं आहे त्याचं?”

“वरून काय दिसणार? पांढरे केस दिसतात. खाली जाईपर्यंत नाहीसा होतो. का गं?”

“सहज.”

त्या रात्री त्यांनी स्वतःला नीट समजावलं. जगात तपकिरी स्वेटर घालणारे, पाय ओढणारे म्हातारे पुष्कळ असतात. पण शंका आली तर पडताळून बघायची, असं त्यांनी मुलांना आयुष्यभर शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळरावांना स्वेटरऐवजी पांढरा सदरा घातला आणि फोनची वाट पाहत बसल्या.

“आज पांढरा शर्ट आहे,” श्रीयश म्हणाला. “मी म्हटलंच, उकडलं असणार.”

त्याच्या पुढच्या दिवशी निळ्या चौकड्यांचा बुशशर्ट. त्या काही विचारणार नव्हत्या, पण श्रीयशनं आपणहून सांगितलं.

फोटो मागायचा साधा उपाय त्यांना सुचला होता. त्यांनी तो मागितला नाही. श्रीयशलाही काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, आई, तू फार दमली आहेस. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कपाटाच्या तळातून बाळरावांचे फिरायला जायचे कॅनव्हासचे बूट काढले. बाळरावांना डुलकी लागत होती. चंद्रिकाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी एकेक पाय मांडीवर घेऊन मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. उजव्या पायाची नाडी जरा घट्ट, म्हणजे ओढताना बूट निघायला नको.

धोंडाबाई घरी निघायला म्हणून डबा घेऊन दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“बाई, काय करताय?”

“पाय गार पडतात त्यांचे.”

धोंडाबाई बराच वेळ बुटांकडे बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “निजल्याल्या माणसाला बूट घालू न्हाई, बाई. मानूस वाटंला लागतंय.” चंद्रिकाबाईंनी मान वर केली नाही. धोंडाबाईंनी पदर सावरला. “म्या उद्यापासनं येत न्हाई. दुसरी बाई बघा. रागावू नगा. मला लय भ्या वाटतंय ह्या खोलीत.”

आणि त्या खरंच आल्या नाहीत.

मग दोघांचंच घर झालं. चंद्रिकाबाई एकट्यानं सगळं करत. पाठ धरायची, मनगटं सुजायची. शनिवार-रविवारी बाहेर हायवेवर पर्यटकांच्या गाड्या तासन्‌तास अडकून हॉर्न वाजवत. इतर दिवशी सगळं धुक्यात बुडालेलं असे. घाटाकडून इंजिनाची शिटी आली की पूर्वी बाळराव कान टवकारायचे. आता टवकारत नव्हते. त्यांची झोप वाढत चालली होती. एक “अहो” पुरेनासं झालं. खांदा हलवावा लागे, गालावर थोपटावं लागे, आणि डोळे उघडले तरी ते पुष्कळ वेळ छताकडे अशा नजरेनं बघत की हे कुठलं घर म्हणून विचारत असावेत. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वयच आहे. पण तोंडावर एक तकाकी आली होती. मोकळ्या वाऱ्यातून फिरून आलेल्या माणसाची.

एकदा ते जागे झाले तेव्हा त्यांच्या ओठांना चहाचा ओला थेंब होता. चंद्रिकाबाईंनी तो बोटानं पुसला. त्यांना पहिल्यांदाच राग आला. मला इथं ठेवून रोज कुठं जाता? त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग उठल्या आणि त्यांच्यासाठी पेज गाळायला घेतली.

“म्हाताऱ्याचं काही खरं नाही,” श्रीयश म्हणाला. “हल्ली चहाला थांबत नाही. सरळ गल्लीच्या टोकाला जातो, मोठ्या रस्त्यापाशी. पलीकडे जायचं असतं त्याला. एक पाऊल खाली टाकतो, गाड्या बघून बिचकतो आणि मागं फिरतो. रोज. मला बघवत नाही.”

“पलीकडे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही गं. फूटपाथ. गर्दी. माणसंच माणसं.”

पितृपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी फोन आला तेव्हा स्पीकरमधून पावसाचा आवाज येत होता. लोणावळ्यात मात्र उघडीप होती. बाळराव गाढ झोपले होते. पायांत बूट होते.

“पाऊस बघ कसला. आणि हा उभा आहे टोकाशी. चहावालीनं त्याला निळा रेनकोट दिलाय वाटतं, टोपी अगदी डोळ्यांवर आलीय. आई, थांब हं. मी खाली जातो आणि देतो त्याला पलीकडे सोडून.”

“श्रीयश, नको.”

“फोन चालूच आहे, खिशात ठेवतोय.”

“श्रीयश!”

जिन्यावरची पावलं. मग गल्ली. भांडी, माणसं, कुठलंसं गाणं, तापलेल्या तेलात काही पडल्याचा आवाज. चंद्रिकाबाई फोन तोंडाशी धरून हाका मारत होत्या. पावसात आणि इंजिनांच्या गुरगुरीत त्यांचा आवाज मुलापर्यंत पोचत नव्हता.

त्यांनी बाळरावांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात त्यांना उजवा हात दिसला. होळीपासून चादरीवर पडून असलेला, निर्जीव. त्याची बोटं एकेक करून मिटत होती. कोणाचा तरी हात धरावा तशी, घट्ट, नखं पांढरी पडेपर्यंत.

“चला, आजोबा,” फोनमधून श्रीयशचा आवाज आला. मराठीतच बोलत होता. “थांबायचं नाही हं.”

खांदा हलवायला हवा होता. जोरात हाक मारायला हवी होती. उशीर झालेला नव्हता.

बाळरावांच्या ओठाचा लोंबलेला कोपरा सरळ झाला होता. धरणाकडे निघताना, काठी घेऊन दारात उभे राहायचे, तेव्हाचा चेहरा.

चंद्रिकाबाईंचा हात खांद्यावर होता. तो त्यांनी हलवला नाही.

हॉर्न डावीकडून आले. मग उजवीकडून. अगदी जवळून. खाटेच्या दोन्ही अंगांनी गेले.

पंखा बंद होता. चादरीची कड हलली.

मग हॉर्न दूर गेले.

मूठ सुटली.

“सोडलं, आई!” श्रीयश धापा टाकत होता. “किती घट्ट धरला होता हात. पलीकडे पाय टेकले आणि असा गर्दीत शिरला की बस. मागं वळूनही बघितलं नाही.”

चंद्रिकाबाईंनी बाळरावांच्या छातीवर तळवा ठेवला. तो तसाच ठेवून त्या पुष्कळ वेळ बसल्या. मग हात काढून मांडीवर घेतला.

“आई? ऐकू येतंय ना?”

“येतंय. तू आधी घरी जा. वर जा, बस, पाणी पी. मग मला तुला सांगायचं आहे काही.”

“काय झालं?”

“आधी वर जा, बाळा.”

तो चालू लागल्याचं त्यांना ऐकू येत होतं. पावसात चपला चपचपत होत्या. त्या वाट पाहत होत्या. अंग हलकं पडलं होतं, इतकं हलकं की त्यांना ते विचित्र वाटलं.

चपलांचा आवाज थांबला.

“आई,” श्रीयश हळूच म्हणाला, “माझ्या गॅलरीत कोणीतरी आहे.”

“कोण?”

“बाई आहे. दाराला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. पाऊस आला ना. दोरीवरचे माझे शर्ट काढतेय. एकेक झटकून.”

फोनमधून पाऊस ऐकू येत होता.

“घड्या घालतेय आता. बाह्या आत दुमडून, तू घालतेस तशा.”

चंद्रिकाबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, स्वस्थ. बोटांच्या टोकांवरून पाणी निथळत होतं.