नांतवेनची हाक

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, दुपारचं जेवण आटोपून, गेथिन आणि इथेल सोआरच्या चॅपलकडे निघाले. वर्षातून एकदा तिथे आसपासच्या खोऱ्यांतली माणसं जमतात, घसा बसेपर्यंत प्रार्थनागीतं गातात आणि मग लोणी लावलेल्या मनुकांच्या ब्रेडवर तुटून पडतात. गाडीने जायचं तर केव्हन डोंगराला अख्खा वळसा घालावा लागतो. गेथिनची धाकटी बहीण माब्ली, म्हणजे इथेलची बायको, त्या वळशाने पुढे गेली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला जास्त चालूही नकोस म्हणून सांगितलं होतं. हे दोघे मात्र नेहमीप्रमाणे जाड टायरांच्या सायकली काढून डोंगरावरून आडवे जाणार होते.

"अंधार पडायच्या आत या," ती निघताना म्हणाली होती. "आणि माझ्या नवऱ्याला आख्खा आण, दादा. नवा मिळायचा नाही आता."

डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं फाटक ओल्वेन मावशीचं. रविवारच्या काळ्या कोटात ती फाटकाला टेकून उभी होती, जणू या दोघांचीच वाट पाहत.

"आलात का माझा डोंगर नांगरायला?"

"चाकाच्या दोन रेघा उमटतात मावशी, बाकी काय," गेथिन म्हणाला.

"रेघ उमटते, तिच्यात पाणी शिरतं, पाण्याबरोबर माती जाते. नांतवेनच्या घरात जन्मलास आणि हे मी सांगायचं?" मग तिने इथेलकडे मान वळवली. "आणि हा बसवाला. वर थांबे नाहीत हं, बाबा."

"बरंय की, मावशी. पॅसेंजरही नाहीत मग."

ती हसली नाही. नांतवेनचं शेत विकून बरीच वर्षं झाली होती, गेथिन गावात सायकली दुरुस्त करून पोट भरत होता, तरी खोऱ्यात त्याला अजून गेथिन नांतवेनच म्हणत. शेत गेलं की नावही जावं, असं त्याला कधी कधी वाटे.

"फाटक होतं तसं लावून घ्या," एवढं म्हणून ती आत गेली.

चढ सुरू झाला. सुरुवातीला दगडी पाऊलवाट होती, ओली पण घट्ट. मग दगड संपले आणि डोंगराने आपलं खरं रूप दाखवलं. केव्हनचा माथा म्हणजे एक भिजलेला बोळा आहे. वर गवत, खाली कुजून काळं झालेलं पाणी, आणि दोहोंच्या मध्ये भरवशाचं काहीच नाही. गवताचा हिरवा रंग जिथे जास्त चमकतो तिथे पाय ठेवायचा नाही, हे गेथिन चालायला लागला तेव्हापासून जाणत होता. वारा समोरून येत होता. पायडल मारावं तसं चाक आत रुतत होतं, उतरून ढकलावं तर बूट रुतत होते, आणि बूट काढताना डोंगर चोखल्यासारखा आवाज करायचा.

"दाजी, गियर हलका कर. बस नाही ती, खेचायला."

"हलकाच आहे रे. जड झालोय मी. तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊन." इथेल धापा टाकत हसला. "दोघांचं खाते म्हणते, आणि वाढते मला."

माथ्यावर धुकं आलं. हळूहळू नाही आलं. मागे वळून पाहिलं तेव्हा खोरं होतं, पुन्हा पाहिलं तेव्हा नव्हतं. वारा थांबला. गेथिन उतरून उभा राहिला आणि "थांब" म्हणणार, तोच पुढे इथेलचं चाक एका खड्ड्यात गडप झालं आणि तो हँडलवरून पलीकडे फेकला गेला.

छातीपर्यंत रुतला होता तो. गेथिनने पोटावर झोपून, सायकल आडवी टाकून, तिच्या आधाराने त्याला ओढून काढला, तेव्हा इथेल ओरडला नाही, नुसता कण्हला. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. कातडीखाली त्याचं टोक वर आलेलं दिसत होतं. अंगावर एकही कोरडा धागा नव्हता.

"कुठल्या बाजूने आलो आपण?"

गेथिनने चहूकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. झटापटीत दोनदा तरी तो उलटा-सुलटा फिरला होता. फोन लागत नव्हता. सगळीकडे सारखीच राखाडी भिंत, हाताने चाचपावी अशी.

इथेलचे दात कडकड वाजत होते. बऱ्याच वेळाने ते वाजायचे थांबले. त्या थांबण्याची गेथिनला जास्त भीती वाटली.

"गेथिन, झोप येतेय रे."

"झोपायचं नाही. पोराचं नाव काय ठरवलंत?"

"मुलगी आहे म्हणते ती." इथेलचे शब्द जड येऊ लागले होते. "नाव... आहे काहीतरी..."

धुक्यात सापडलं की मेंढ्या शोधायच्या, ही या डोंगरावरची जुनी रीत. केव्हनवर कुंपण नाही. तरी प्रत्येक शेताच्या मेंढ्या आपापला तुकडा सोडत नाहीत. त्या तुकड्याला इथले लोक कनेव्हिन म्हणतात, आपली जागा. कुठे जमीन घट्ट, कुठे पाणी, कुठे वाऱ्याला आडोसा, सगळं मेंढीला ठाऊक असतं. तिला तिच्या आईने दाखवलेलं असतं, ती आपल्या कोकराला दाखवते. मेंढी जिथे उभी, तिथे माणूस उभा राहू शकतो. म्हणून हाक मारायची. कुठूनतरी बें ऐकू आलं की त्या दिशेला सरकायचं.

गेथिनला नुसतं ओरडायचं होतं. कुठल्याही मेंढीने दचकून आवाज द्यावा, एवढंच. पण घसा कोरडा पडला की तोंडातून लहानपणचंच बाहेर येतं. त्याच्या तोंडून बापाची हाक निघाली. नांतवेनची हाक. तीन तुकड्यांची, शेवटचा तुकडा नाकातून वर चढवलेली. प्रत्येक शेताची हाक वेगळी असते आणि मेंढ्या फक्त आपलीच ओळखतात. कित्येक वर्षांत ती हाक कोणी मारली नव्हती.

आधी आवाज आला खुरांचा. पुष्कळ खुरांचा, ओल्यातून धावत येणाऱ्या. बें मात्र एकही नाही. मग धुक्यातून तोंडं दिसली, पांढरी, लांबट, एकामागून एक, आणि पाहता पाहता त्या दोघांभोवती कळप उभा राहिला.

"घे," इथेल पुटपुटला, "आली तुझी पलटण."

गेथिनने उजवे कान पाहिले. टोकाशी खाच होती. डाव्या पुठ्ठ्यावर निळा पट्टा. नांतवेनची खूण.

"आपल्याच आहेत," तो म्हणाला. आणि आपण काय म्हणालो, ते म्हणून झाल्यावर त्याला ऐकू आलं.

लाळ-खुरकूत आली त्या वसंतात नांतवेनच्या सगळ्या मेंढ्या मारल्या होत्या. एकही आजारी नव्हती. शेजारच्या शेतावर रोग निघाला, म्हणून सरकारी माणसं बंदुका घेऊन आली. त्यांना मेंढ्या डोंगरावरून खाली हव्या होत्या, आणि डोंगरावरून त्यांना खाली आणू शकेल असा एकच माणूस होता. वडील फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. मेंढ्या धावत आल्या, चारा मिळणार म्हणून. नंतर खड्डा खणून, रेल्वेचे जुने ओंडके रचून त्या जाळल्या. लोकरीचा वास पडद्यांतून जाईना. त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत आवाज चढवला नाही. कुत्र्यालाही दारावर टकटक करून बोलवायचे.

तोच वास आता येत होता. जळलेली लोकर, आणि वर रॉकेल.

कळपाच्या पुढची म्हातारी मेंढी वळली आणि चालू लागली. बाकीच्या वाट देत दोन्ही बाजूंनी सरकल्या. इथेलचे ओठ काळेनिळे झाले होते. इथे बसून राहिलं तर तासाभरात माब्लीच्या नवऱ्याचं प्रेत होणार होतं. गेथिनने त्याला काखेत हात घालून उभं केलं, आणि ते त्या मेंढीच्या मागे निघाले. सायकली तिथेच राहिल्या.

जमीन पायाखाली घट्ट होती. एकदाही पाय रुतला नाही. मेंढ्या इतक्या जवळून चालत होत्या की त्यांची अंगं गुडघ्यांना घासत होती. एवढ्या ओल्या धुक्यात त्यांची लोकर कोरडी होती. कोरडी आणि ऊन, चुलीपाशी वाळत घातलेल्या घोंगडीसारखी.

उतार डाव्या हाताला आहे, सोआर तिकडे असणार, असं एका जागी गेथिनला वाटलं. तो तिकडे वळला. एक मेंढी आडवी आली. तिने पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. मेंढी पाय आपटते ती कुत्र्यावर. मग दुसरीने आपटला, तिसरीने, आणि सगळ्यांनी. गेथिन पुन्हा रांगेत आला तेव्हाच त्या थांबल्या. त्यांपैकी एकही त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. सगळ्या त्याच्या गळ्याकडे पाहत होत्या, हाक जिथून निघाली होती तिथे.

"दाजी, बरा आहेस ना?"

 मघाशी इथेलला ओढावं लागत होतं, आता तो आपणहून चालत होता. दुखणारा हात त्याने धरून ठेवला होता, तो त्याने सोडून दिला होता. मान खाली घालून, पुढच्या मेंढीच्या पावलावर पाऊल टाकत तो चालला होता, तिच्याच गतीने.

"इथेल. बायकोचं नाव सांग."

इथेल चालतच राहिला.

पायाखाली दगड लागले. मोठे, बसवलेले दगड. गेथिनला धुक्यातून दिसायच्या आधी पायांनी कळलं की हे नांतवेनच्या मेंढवाड्याचं तोंड आहे. दोन भिंतींच्या मधली अरुंद वाट, एका वेळी एकच मेंढी आत जाईल एवढी. मारण्याआधी त्यांना इथेच कोंडलं होतं. मेंढ्या एकेक करून आत शिरू लागल्या, आणि आत गेलेली परत दिसत नव्हती. इथेल रांगेत होता.

गेथिनने त्याचं जॅकेट मागून धरलं. मोडक्या हाडाचा माणूस, पण त्याने असा हिसडा दिला की गेथिन गुडघ्यांवर आला.

"तिकडे नाही, दाजी."

"घरी चाललोय की," इथेल म्हणाला. आवाज त्याचाच होता, समजूत घालणारा. म्हाताऱ्यांना बसमध्ये चढवताना काढायचा तसा.

मग वाड्याच्या आतून हाक आली.

तीन तुकड्यांची, शेवटचा नाकातून वर चढवलेली. गेथिनचं तोंड बंद होतं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. इथेलचीही वळली. गेथिनने त्याला पायात पाय घालून पाडलं, त्याच्यावर पालथा पडला, त्याचं तोंड चिखलात दाबलं आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान गच्च बंद केले. स्वतःचे कान झाकायला हात उरले नव्हते. हाक पुन्हा आली, या वेळी जवळून, आणि तिच्यात राग नव्हता, माया होती. पूर्वी होती तशीच. गेथिनचे पाय आपोआप हलायला लागले. पण त्या हाकेला ओ देणाऱ्यांचं काय झालं ते त्याने तेव्हा खिडकीतून पाहिलं होतं. तो इथेलच्या अंगावर पडून राहिला. खुरं त्याच्या पाठीवरून गेली, एक, मग पुष्कळ. वजन लागत होतं, चिखल लागत नव्हता.

धुकं विरलं तेव्हा वाडा रिकामा होता. आत गुडघाभर खाजरं रान माजलं होतं. खालच्या रस्त्यावरून ओल्वेन मावशी काठी टेकत वर येत होती, काळा कोट वाऱ्यावर उडत होता.

"कधीपासून हाका मारतोयस," ती दम लागून म्हणाली. "घरात बसवेना मला."

"एकदाच मारली, मावशी. वर, माथ्यावर."

तिने वाड्याकडे पाहिलं, मग इथेलकडे. "पाय धर त्याचे," म्हणाली. "बोलू नकोस."

इथेल जगला. हाड जुळलं, डिसेंबरात मुलगी झाली, नव्या वर्षात तो पुन्हा बस चालवू लागला. फेब्रुवारीत गेथिन त्यांच्याकडे चहाला गेला. गावाच्या मधोमध घर, बाहेर गाड्यांचा आवाज. इथेल एका आजीबाईंचा किस्सा रंगवून सांगत होता. त्यांना बसमध्ये कोंबडी घेऊन चढायचं होतं.

"मी म्हटलं, आजी, अर्धं तिकीट लागेल. तर त्या म्हणतात..."

तो वाक्याच्या मधे थांबला. त्याची मान भिंतीकडे वळली. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर, त्यापलीकडे छपरं, आणि त्यापलीकडे केव्हन. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग मान सरळ झाली. "...त्या म्हणतात, कोंबडीला पास आहे," त्याने वाक्य पुरं केलं आणि हसला.

गेथिनने माब्लीकडे पाहिलं.

"होतं असं," ती हळू म्हणाली. "पडला तेव्हा डोक्याला मार बसला असेल, म्हणाले डॉक्टर. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं."

"तुला काही ऐकू येतं?"

"मला कुठलं ऐकू यायला." तिने चहा ओतायला हात लांब केला. "दार मी आतून कुलूप लावून ठेवते, एवढंच."

बाळ तिच्या मांडीवर होतं, दोन महिन्यांचं, मान अजून न धरणारं. चहा पेल्यात पडत असताना त्या पोरीने मान उचलली, सावकाश, कोणाच्याही आधाराशिवाय, आणि भिंतीकडे वळवली.

इथेलची मान त्यानंतर वळली.