हंड्याच्या पलीकडचा

धूर डोळ्यांत गेला, नाकात गेला आणि मुखवट्याच्या आत ती खोकली.

हंड्याच्या पलीकडचा माणूस थबकला. त्याच्याही तोंडावर मुखवटा होता, लाल गालांचा, हसरा. आवाज मात्र हळू आला.

"काका… खोकला फार नाजूक झालाय तुमचा."

आता हा ओरडणार, लोक धावत येणार, आणि सगळं संपणार.

तो ओरडला नाही. त्यानं ढवळायचं वल्हं पुढे ढकललं. "ढवळा काका, थांबू नका. तळाला लागेल."

'काका' म्हणजे तिचे वडील. थंडी सरताना गावात मुखवट्यांचा उत्सव भरायचा. आसपासच्या प्रत्येक शेतावरून घेवड्याचं एकेक पोतं यायचं आणि चौकातल्या एकाच हंड्यात सगळ्या गावाचं कढण शिजायचं. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, त्या शेतमजुरांनी हे कधीकाळी सुरू केलं. आता इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं मंचावर बसत आणि मजूर रांगेच्या शेपटाला उभे राहत. हंडा एवढा रुंद, की ढवळायला समोरासमोर दोघं लागत, बोटीच्या वल्ह्यांएवढी लाकडं घेऊन. घंटा होईपर्यंत मुखवटा काढायचा नाही, वल्हं सोडायचं नाही.

एका बाजूला वडील उभे राहायचे. बायको गेल्यावर त्यांना जगात मानाची अशी तेवढीच जागा उरली होती. काल ओल्या पायरीवरून ते घसरले आणि मनगट मोडलं.

"मी दिसलो नाही तर उत्सवाच्या अध्यक्षाचा पुतण्या माझ्या जागेवर टपूनच बसलाय," ते म्हणाले होते. स्वतःचा कोट त्यांनी तिच्या अंगावर चढवला, डाव्या हातानं मुखवट्याची नाडी बांधायला धडपडले. "घंटेच्या आधी सटक. पुढचं मी बघतो."

कारण तिला हंड्याजवळ फिरकायचीही मनाई होती. ती नवऱ्याचं घर सोडून आलेली. अशा बाईचा हात लागला की म्हणे कढण नासतं! नवरा तिला भिंतीवर आपटायचा, तेव्हा शेजारच्या घरांत जेवणं चालू असायची. त्यांचं काही नासलं नव्हतं.

आणि पलीकडचा? तिथे नेहमी म्हातारा गिरणीवाला असायचा. त्याचे गुडघे गेले, म्हणून त्यानं पुलाजवळच्या बेकरीतल्या नव्या माणसाला धाडलं होतं. याला तिनं कधी नीट पाहिलंही नव्हतं.

"काका, एक विचारू?" तो वाफेतून म्हणाला. "मनगटं एवढी बारीक कशी हो तुमची? घरी जेवायला घालत नाहीत?"

"आपल्या वल्ह्याकडे बघ," ती जाड आवाज काढून म्हणाली.

"बघतोय की. पण मान सारखी समोरच वळते. काय करू?"

"मोडून घे."

तो हसला. पोटातून आलेलं, खरं हसू. कितीतरी दिवसांत तिच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं…

दाणे फुटू लागले, कढण घट्ट झालं. तिचे खांदे भरून आले. तो आपलं वल्हं तिच्या बाजूपर्यंत लांबवू लागला, तळाचा जड भाग स्वतःकडे ओढून घेऊ लागला.

"काका, तुमची एक मुलगी आहे ना?" जरा वेळानं त्यानं विचारलं. आवाजातली मस्करी गेली होती. "सकाळी पाव घ्यायला येते. कुणाकडे बघत नाही. पैसे ठेवते, जाते… तिच्यासाठी मी रोज एक खरपूस पाव बाजूला काढून ठेवतो. तिला ते माहीत नाही."

वल्हं तिच्या हातात जड झालं.

"तिच्याबद्दल लोक बोलतात, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. ज्या घरात मार पडतो, त्या घरातून माणूस निघूनच येणार. त्यात बोलण्यासारखं काय आहे?"

धूर तर दुसरीकडे वळला होता. तरी डोळे भरले.

घंटेवाला पायऱ्या चढू लागला.

"निघा आता," तो घाईनं पुटपुटला. "मी चक्कर आल्यासारखा पडतो, सगळे माझ्याकडे धावतील. जा."

तिला जाता आलं असतं. वडिलांची जागा राहिली असती. पण त्याचे ते शब्द तिला कोटाच्या आडून ऐकायचे नव्हते. एकदा तरी उघड्या तोंडानं ऐकायचे होते.

घंटा झाली. तिनं मुखवटा काढला.

रांगेतल्या माना वळल्या. मग मंचावरून अध्यक्ष गरजला, "हंडा नासला! ओतून द्या!"

"वल्हं सोडू नका," पलीकडून आवाज आला. "लागेल तळाला." त्यानंही मुखवटा काढला होता. भुवयांत पीठ होतं, कपाळावर घाम, आणि नजर थेट तिच्यावर.

तेवढ्यात रांगेच्या शेपटातली एक मजूर म्हातारी वाडगं घेऊन पुढे आली. "घेवडा आम्ही पिकवलेला. तो नासला की नाही ते मी सांगते. वाढ गं पोरी."

तिनं वाढलं. म्हातारीनं खाल्लं, वाडगं पुन्हा पुढे केलं. अर्धी रांग नाक मुरडून निघून गेली. उरलेली पुढे सरकली.

हंडा रिकामा होत आला, तेव्हा अध्यक्ष मंचावरून उतरून जवळ आला. "पुढल्या वर्षापासून तुमच्या घरातलं कुणी इथे नको. बापाला सांग."

तो पाठमोरा झाला आणि तिनं वल्हं खाली ठेवलं. चूक केली नव्हती तिनं. पण किंमत मोजणार होते वडील.

"मी येऊ बरोबर?" बेकरीवाल्यानं विचारलं. "हे एकटीनं सांगू नका त्यांना."

"तुम्ही कोण म्हणून येणार?"

तो घुटमळला. "तेच… तेच तुम्हाला विचारायचं होतं. कोण म्हणून येऊ?"

तिनं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. त्याच्याकडे पाहिलं, नीट, पुरेसा वेळ घेऊन.

"ये," ती म्हणाली. "कोण ते वाटेत ठरवू."

मागच्या गल्लीनं जाता आलं असतं. दोघं भर रस्त्यानं निघाली. दारादारांत माणसं उभी होती… तिनं त्याचा हात धरला.

"बघतायत," तो म्हणाला.

"बघू देत."