भिंतीपलीकडची टोपी

वारा सुटला, पाववाल्या मर्डोची लोकरीची टोपी उडाली आणि थेट तापाच्या इस्पितळाची भिंत ओलांडून नर्स एल्स्पेथच्या पायाशी पडली.

"द्या ना इकडे," तो फाटकाबाहेरून म्हणाला.

"आत आलेली वस्तू उकळल्याशिवाय बाहेर जात नाही. उद्या या."

दुसऱ्या दिवशी टोपी मिळाली, पण आटून बाळाच्या मापाची झालेली. मर्डोने ती तशीच डोक्यावर ठेवली. कितीतरी दिवसांनी एल्स्पेथला खळखळून हसू आलं.

एरवी त्या स्कॉटिश गावात तिच्याशी बोलायला थांबतंय कोण? घटसर्पाची पोरं सांभाळणारी बाई दिसली की लोक रस्ता बदलत. मर्डो मात्र पावाची घोडागाडी थांबवून, फाटकाशी पाव ठेवून रेंगाळायचा. आणि वाऱ्याने तर त्याच्या टोपीवर डूखच धरला होता... आठवडा गेला की टोपी आत.

एका सकाळी एल्स्पेथचा चेहरा उतरला होता. इस्पितळ चालवणारं म्हातारं जोडपं गेल्यापासून सगळा भार तिनेच वाहिला होता. पण नगरपालिकेला पुन्हा जोडपंच हवं होतं. नवऱ्याने रुग्णगाडीचा घोडा हाकायचा, बायकोने वॉर्ड बघायचे.

"एकट्या बाईला कामावरून निरोप," ती म्हणाली. "खिडकीबाहेरूनच बघून आई निघून गेली की पोरं माझाच एप्रन धरून रडतात हो. त्यांना सोडून कुठे जाऊ?"

मर्डोचे कान लाल झाले. "घोडा... मला हाकता येतो."

तिला अर्थ कळला, आणि राग आला. "माझी कीव येऊन लग्न करणार? नको."

"कीव कसली? एक सांगू – रागावणार नाही ना? पहिल्या दिवशी वारा होता. नंतर टोपी मीच फेकत होतो."

"दर वेळी?"

"एकदा तर दोनदा. पहिल्यांदा भिंतीवरच अडकली."

एल्स्पेथला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. "आत आलात तर गाव तुम्हाला बघूनही रस्ता बदलेल. पावाची गाडीही जाईल."

"जाऊ दे."

त्याने टोपी काढली, तिच्या देखतच भिंतीवरून फेकली, आणि फाटक उघडून टोपीमागोमाग स्वतः आत आला.

"आता उकळल्याशिवाय बाहेर जाता यायचं नाही," ती हळूच म्हणाली.

"जायचंय कुणाला?"

एल्स्पेथने ती आटलेली टोपी उचलली, आणि पहिल्यांदाच न उकळता त्याच्या डोक्यावर ठेवली.